उड्डाणशाळा निवडण्याआधी

खानदेशात विमान शिकायची सोय तीन ठिकाणी आहे: धुळ्याला गोंदूरच्या धावपट्टीवर, शिरपूरला, आणि जळगावला कुसुंब्याच्या विमानतळावर. तिन्ही जागा एकमेकींपासून शंभर किलोमीटरच्या आत. तरीही अमळनेर, चोपडा, साक्री किंवा यावलचे आईवडील मुलाला वैमानिक करायचे ठरवतात तेव्हा त्यांच्या हाती काय असते? एक रंगीत माहितीपत्रक, कुणा समुपदेशकाचा फोन नंबर आणि लांबच्या नात्यातल्या कुणीतरी सांगितलेला फीचा आकडा. एवढ्या भांडवलावर चाळीस-पन्नास लाखांचा व्यवहार होतो. कमर्शियल पायलटच्या परवान्यापर्यंतचा खर्च आज या घरात जातो, आणि पुढे एअरबस किंवा बोइंगचे टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट विमानाची पात्रता, करायचे तर त्याचे पैसे वेगळे. आपल्याकडे ही रक्कम अनेक घरांत शेत गहाण टाकून किंवा विकून उभी राहते. सातबाऱ्यावरचे नाव बदलण्याआधी काय पाहावे, कुणाला काय विचारावे, हे सांगण्यासाठी ही पुस्तिका आहे. पुढच्या पानांत नियम, अर्ज, परीक्षा, सारे सविस्तर येईल. प्रस्तावनेत मला एकच गोष्ट पटवायची आहे. शाळा निवडताना विमान किती देखणे आहे हे पाहू नका. तिथला विद्यार्थी महिन्याला किती तास उडतो ते पाहा.

या शाळा खानदेशात कशा आल्या ते आधी पाहू. मुंबईच्या जुहूवर १९२८ साली बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. जे. आर. डी. टाटा तिथेच शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. पुढे मुंबईचे आकाश प्रवासी विमानांनी इतके भरले की शिकाऊ विमानाला तिथे सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीची सरावाची फेरी, मारायलाही जागा उरेना. क्लबने उड्डाणाचे शिक्षण धुळ्याला आणले. देशातल्या सर्वांत जुन्या क्लबांपैकी एकाला गोंदूरला यावेसे वाटले, त्याचे कारण साधे आहे. इथे आकाश मोकळे आहे, जमीन सपाट आहे, आणि वर्षातले बरेच महिने दूरवर स्वच्छ दिसते. शिरपूरला शिक्षणसंस्थेच्या बळावर विमान प्रशिक्षणाची अकादमी उभी राहिली. जळगावच्या विमानतळाचे उद्घाटन मार्च २०१२ मध्ये त्या वेळच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने उड्डाण प्रशिक्षणासाठी देशातले पाच विमानतळ निवडले, त्यांत बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि आसामातल्या लीलाबारीबरोबर जळगाव होते. खानदेशाला हे आयते मिळालेले नाही. इथल्या हवेने आणि भूगोलाने ते मिळवले आहे.

आता मूळ हिशेब. कमर्शियल परवान्यासाठी डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, एकूण २०० तासांचे उड्डाण लागते. त्यात १०० तास विद्यार्थ्याने स्वतः कमांडर म्हणून उडवलेले हवेत, २० तास क्रॉस कंट्रीचे, म्हणजे लांबच्या प्रवासाचे, आणि त्यात किमान ३०० सागरी मैलांची, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरांहून लांबची, एक फेरी दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून पुरी केलेली. रात्रीचे ५ तास आणि त्यात दहा टेक-ऑफ, दहा लँडिंग. उपकरणांवर विसंबून उडण्याचे १० तास. बरोबरीने नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियम आणि तांत्रिक विषयांच्या परीक्षा, प्रत्येकीत ७० टक्के. परीक्षा अवघड असतात, पण त्या विद्यार्थ्याच्या हातात असतात. खोलीत दिवा लावून बसले की पुस्तक संपते. तास त्याच्या हातात नसतात, ते शाळेच्या हातात असतात.

एक उदाहरण घेऊ. समजा शाळेकडे पाच विमाने चालू स्थितीत आहेत. प्रत्येक विमान दिवसाला तीन तास उडते आणि महिन्याचे पंचवीस दिवस उडते. महिन्याला ३७५ तास झाले. विद्यार्थी वीस असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला पावणेएकोणीस तास येतात आणि २०० तास अकरा महिन्यांत पुरे होतात. विद्यार्थी पन्नास असतील तर वाट्याला साडेसात तास. मग त्याच २०० तासांना सव्वादोन वर्षे लागतात. शाळा तीच, विमाने तीच, इन्स्ट्रक्टर तेच, माहितीपत्रकही तेच. आणि हा आकडा पावसाळा, बिघाड, सुट्ट्या काही न धरता काढलेला आहे. म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा: विमाने किती आहेत हे नको, आज उडण्याजोगी किती आहेत, आणि त्यांच्यावर विद्यार्थी किती?

लांबलेल्या प्रशिक्षणाचा फटका नुसता वेळेचा नसतो. उड्डाण ही हाताची आणि नजरेची सवय आहे. पंधरा-वीस दिवसांचा खंड पडला की लँडिंग बिघडते, इन्स्ट्रक्टरला पुन्हा सोबत बसावे लागते, आणि त्या तासाचे पैसे विद्यार्थ्याच्याच खात्यातून जातात. शिवाय परवान्याचा अर्ज करताना आधीच्या सहा महिन्यांत किमान १५ तास उडलेले असावे लागतात. खोलीचे भाडे चालू राहते, कर्जाचे व्याज चालू राहते. गावी विचारतात, पोराचं झालं का? पोरगा मात्र रोज सकाळी गणवेश घालून उड्डाणांच्या फळ्यावर आपले नाव शोधत असतो. चांगल्या घरांतली चांगली मुले या वाट पाहण्यात खचतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो.

विमान जमिनीवर का बसते, हेही पालकांनी समजून घ्यावे. दर पन्नास आणि शंभर तासांनी त्याची तपासणी असते. ठरावीक तासांनंतर इंजिन उतरवून पूर्ण उघडावे लागते. शिकाऊ विमानांतल्या बऱ्याच लायकमिंग इंजिनांना ही मर्यादा दोन हजार तासांची आहे. सुटे भाग बहुतेक परदेशातून येतात. शाळेकडे पुरेसे इंजिनिअर आणि भागांचा साठा नसेल तर एका पंपासाठी विमान महिनाभर हँगरमध्ये उभे राहते. इन्स्ट्रक्टरचेही तेच. अनुभवी इन्स्ट्रक्टरला विमान कंपनीकडून बोलावणे आले की तो जातो, आणि त्याच्याकडे अर्धवट शिकलेले विद्यार्थी दुसऱ्याच्या रांगेत शेवटी लागतात. इन्स्ट्रक्टर किती, हे विचारताना ते तिथे किती दिवसांपासून आहेत हेही विचारावे.

आता विमानाकडे येऊ, कारण मुलांचा जीव तिथेच अडकलेला असतो. भारतातल्या शाळांत साधारण चार घराण्यांची विमाने दिसतात: सेसना, पायपर, डायमंड आणि टेकनम. सेसना १५२ हे दोन आसनांचे, ११० अश्वशक्तीचे विमान. १९८५ नंतर ते बनलेले नाही, पण आजही शिकवते आहे. सेसना १७२ चार आसनांचे, १९५६ पासून बनते आहे आणि चुका सोसण्यात त्याच्याइतके मायाळू विमान कमी. डायमंडच्या डीए ४० या विमानाच्या नव्या प्रकाराला डिझेल पद्धतीचे इंजिन आहे आणि ते जेट ए-१ वर, म्हणजे प्रवासी विमानांच्याच इंधनावर चालते. टेकनमचे पी २००८ हलके आहे, रोटॅक्सचे १०० अश्वशक्तीचे इंजिन थोड्या इंधनात काम भागवते.

इंधनाचा मुद्दा वाटतो त्याहून मोठा आहे. जुन्या सेसनाला आणि पायपरला एव्हगॅस १०० एलएल लागते. हे इंधन भारत वर्षानुवर्षे आयात करत होता. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने ते वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवायला सुरुवात केली. वडोदरा खानदेशाला लांब नाही, तरी शाळेकडे साठा किती दिवसांचा असतो हे विचारून घ्यावे. इंधन संपले म्हणून बसलेल्या विमानाचे कारण हवामानाच्या रकान्यात लिहिले जाऊ शकते.

गोंदूरला किंवा कुसुंब्याला सकाळी गेलात आणि परवानगी मिळाली तर एक गोष्ट जवळून पाहा. उड्डाणाआधी विद्यार्थी पंखाखाली वाकतो, टाकीच्या तळाची छोटी झडप दाबून पारदर्शक नळीत इंधन घेतो आणि नळी उजेडाकडे धरतो. एव्हगॅस निळसर असते. टाकीत पाणी झिरपले असेल तर ते तळाशी वेगळ्या थेंबासारखे बसलेले दिसते. तो हे किती निवांतपणे करतो, इन्स्ट्रक्टर बाजूला उभा राहून पाहतो की मोबाइलवर बोलतो, पाणी दिसले तर पुन्हा पुन्हा काढून तपासतात की चालेल म्हणून पुढे जातात, यावरून त्या शाळेची जात कळते. हँगरची फरशी चकाचक असण्याला मी त्यापुढे फार किंमत देत नाही.

काचेचे पडदे की गोल डायल, हा वाद मुलांत फार रंगतो. नव्या विमानांत सगळी माहिती दोन मोठ्या स्क्रीनवर येते, जुन्या विमानांत सहा गोल घड्याळे असतात. एअरलाइनमध्ये स्क्रीनच असतात, म्हणून स्क्रीनचेच विमान हवे, असे मुले म्हणतात. माझे मत वेगळे आहे. दोन्हींवर चांगले वैमानिक तयार झाले आहेत. नुकसान होते ते अर्ध्या वाटेवर विमानाचा प्रकार बदलावा लागला की. विमानांचा ताफा लहान आणि खिचडी असेल तर एक सेसना बसली म्हणून विद्यार्थ्याला टेकनमवर टाकतात, आणि नवे विमान ओळखण्यात काही तास जातात. म्हणून एकाच प्रकारची पाच-सहा विमाने असलेली शाळा, पाच प्रकारच्या पाच विमानांच्या शाळेहून भली. प्रशिक्षणाच्या शेवटी काही तास दोन इंजिनांच्या विमानावर घेतात; ते शाळेकडे स्वतःचे आहे की त्यासाठी दुसऱ्या गावी पाठवणार, हेही आधीच विचारा. त्या शेवटच्या तासांसाठी सहा-सहा महिने अडकलेली मुले आहेत.

खानदेशाच्या हवेबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण बाहेरच्या पुस्तकांत हे सापडत नाही. जळगाव-धुळ्याची उंची समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास. प्रमाण वातावरणाच्या हिशेबाने या उंचीवर तापमान साडेतेरा अंशांच्या जवळपास असायला हवे. मे महिन्यातल्या दुपारी इथे पारा ४४ वर असतो. तीस अंशांच्या या फरकाने हवा इतकी विरळ होते की पंखाला आणि इंजिनाला ती साडेचार हजार फुटांवरची, म्हणजे जवळजवळ महाबळेश्वरच्या उंचीवरची वाटते. धावपट्टीवरची दौड लांबते, वर चढण्याचा वेग घटतो. सेसना १५२ चे जास्तीत जास्त वजन ७५७ किलो. दोन धट्टेकट्टे माणसे बसली आणि टाक्या काठोकाठ भरल्या की ती मर्यादा संपत येते. अशा दुपारी ११० अश्वशक्ती कमी पडतात. डीए ४० च्या डिझेल इंजिनाला टर्बोचार्जर असतो, त्यामुळे त्याची ताकद उष्म्यात तितकी उतरत नाही, पण पंखाला विरळ हवा विरळच असते. त्यातच तापलेल्या काळ्या जमिनीवरून गरम हवेचे झोत उठतात आणि छोटे विमान हिंदकळते. म्हणून शहाणी शाळा एप्रिल-मेमध्ये सूर्योदयाला पहिली सॉर्टी, म्हणजे उड्डाणफेरी, सोडते, दहा-साडेदहाला विमाने बांधते आणि पुन्हा संध्याकाळी उडते. मे महिन्यात दुपारी दोनलाही उडतो, असे कुणी अभिमानाने सांगितले तर त्याला दुपारच्या वजनाचा आणि धावपट्टीचा हिशेब विचारा. तो पटकन देता आला पाहिजे.

पावसाळ्यात उत्तरेकडे सातपुडा ढगांत जातो. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरच्या अकादमीचे प्रशिक्षण विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळच्या डोंगरात कोसळले. इन्स्ट्रक्टरचा मृत्यू झाला, शिकाऊ वैमानिक तरुणी गंभीर जखमी झाली. तिथे गाडी पोचेल असा रस्ता नव्हता. आसपासच्या आदिवासी गावकऱ्यांनी लुगड्याची झोळी करून तिला डोंगरातून खाली आणले. ज्यांनी आयुष्यात विमानात पाय ठेवला नसेल अशा माणसांनी त्या दिवशी वैमानिकाचा जीव वाचवला. त्यांचे ऋण खानदेशातल्या प्रत्येक उड्डाणशाळेने मानले पाहिजे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीत एकाच संस्थेची दोन विमाने तीन दिवसांच्या अंतराने कोसळली आणि डीजीसीएने त्या संस्थेचे प्रशिक्षण थांबवले. त्या दिवशी तिथे शिकणाऱ्या सगळ्यांचे तास थांबले, ज्यांचा त्या अपघातांशी काही संबंध नव्हता त्यांचेही. सुरक्षितता आणि वेळ या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे पालकांनी यातून ध्यानात घ्यावे. शाळेला सरळ विचारावे: ढग किती खाली आले की तुम्ही उड्डाण रद्द करता? तो निर्णय कोण घेतो? विमान वेळेवर परतले नाही तर पहिला फोन कुणाला जातो? उत्तरे लिहून ठेवलेली असतील तर दाखवतील.

शाळेचा खरा कागद म्हणजे टेक लॉग. प्रत्येक उड्डाणानंतर वैमानिक त्यात विमानाची तक्रार, म्हणजे स्नॅग, लिहितो आणि इंजिनिअर ती दूर करून सही करतो. 'डावा ब्रेक मऊ लागतो', 'रेडिओत खरखर', असे साधे शेरे असतात. ज्या वहीत अशा नोंदी नियमाने येतात आणि नियमाने मिटतात ती चांगली वही. महिनोन्महिने एकही तक्रार नसलेली वही पाहिली तर मला काळजी वाटेल, कारण रोज शिकाऊ हातांनी आपटत उतरणारे विमान कधीच कुरकुरत नाही असे होत नाही. टेक लॉग बाहेरच्या माणसाला दाखवायला शाळा बांधील नाही. लॉगबुक मात्र विद्यार्थ्याचे स्वतःचे असते. तुमच्या तालुक्यातला कुणी तिथे शिकत असेल तर त्याला चहाला बोलवा आणि लॉगबुक दाखव म्हणा. पहिल्या उड्डाणाची तारीख, पहिल्या सोलोची, म्हणजे एकट्याने केलेल्या उड्डाणाची, तारीख, आजवरचे तास आणि मधले रिकामे आठवडे-महिने. पाच मिनिटांत सारे कळते.

ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीएने उड्डाण संस्थांना वर्षातून दोनदा श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे. पहिल्या यादीत ए प्लस प्लस आणि ए प्लस या वरच्या दोन श्रेणींत देशातली एकही संस्था बसली नाही. हे वाचून घाबरण्यापेक्षा ती यादी उघडून आपण पाहत असलेली शाळा कुठे आहे ते पाहावे, आणि पुढच्या यादीत ती चढली की उतरली याकडेही लक्ष ठेवावे. आजवर पालकांच्या हाती एवढेही नव्हते.

जवळची शाळा की लांबची, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारतात. घर जवळ असण्याचा आधार मोठा असतो, हे मी नाकारत नाही. जळगावला प्रवासी विमानेही येतात, तिथे रेडिओवर नियंत्रकाशी बोलायची सवय लवकर लागते. धुळे-शिरपूरला सर्किटसाठी रांग कमी. पण वरचा तासांचा हिशेब जवळच्या शाळेत बसत नसेल तर गोंदिया, बारामती, नागपूर पाहावे. अमरावतीच्या बेलोऱ्याला एअर इंडिया ३४ विमानांची, वर्षाला १८० वैमानिक घडवणारी अकादमी उभारते आहे. परदेशात तास लवकर होतात, मात्र परतल्यावर इथला परवाना मिळवण्यासाठी डीजीसीएच्या परीक्षा आणि चाचण्या चुकत नाहीत, त्या वेळेचा आणि पैशाचा हिशेब आधी धरावा. पैशाची अडचण असलेल्या इतर मागासवर्गीय, भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गांतल्या मुलांसाठी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत वैमानिक प्रशिक्षण दिले आहे. तिच्या जाहिरातींवर नजर ठेवावी.

मुलींच्या आईवडिलांना दोन शब्द. भारतातल्या वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास आहे आणि जगाच्या सरासरीहून ते खूप वर आहे. जळगाव जिल्ह्याच्या लेकीने, प्रतिभाताईंनी, राष्ट्रपती असताना २००९ मध्ये वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुण्याहून सुखोई विमानातून उड्डाण केले होते. मुलीला पाठवू का, असे विचारू नका. वसतिगृह कसे आहे, पहाटे पाचला धावपट्टीवर न्यायला गाडी आहे का, रात्रीच्या उड्डाणानंतर परत आणण्याची सोय काय, हे विचारा, आणि मुलाच्या बाबतीतही तेच विचारा.

फी भरण्याआधी मुलाची डीजीसीएची वैद्यकीय तपासणी करून घ्या, वर्ग दोनची आणि जमल्यास वर्ग एकचीही. डोळ्यांतला रंगदोष पैसे भरल्यावर कळण्याचे दुःख कुणाच्या वाट्याला येऊ नये. फेब्रुवारीतल्या एखाद्या साध्या वारी, सुट्टीचा दिवस टाळून, सकाळी सातला धावपट्टीवर जा. किती विमाने उडतात, किती झाकून उभी आहेत, ते स्वतः मोजा. एकरकमी पैसे देऊ नका. हप्ते उडलेल्या तासांना बांधून घ्या, तास कोणत्या मीटरवर मोजणार ते लिहून घ्या, आणि संस्था बंद पडली किंवा मुलाने सोडली तर किती पैसे किती दिवसांत परत मिळतील ही अट करारात सहीशिक्क्यासह घ्या. जी शाळा ही अट लिहून द्यायला तयार नाही, तिथून उठून या.